तिसरं झाड

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखावला आहे, त्यामुळे तूर्त उभ्यानेच केला आहे. उरलेला भेटीत पुरा करीन.)

मी इकडे ठीक आहे. तू कशी आहेस? बीपीची सकाळची गोळी सकाळीच घेतेस ना, की आठवण होईल तेव्हा घेतेस? डोळ्यांत थेंब घालायला समोरच्या शाळामास्तरीणबाई अजून येतात का? मागच्या महिन्यात मी येऊन गेलो तेव्हा न्हाणीघरातला नळ गळत होता. तो प्लंबरने दुरुस्त केला, की नेहमीसारखा नुसता बघून, मान डोलावून आणि चहा पिऊन गेला? वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर अजून तुझं वर्तमानपत्र आधी वाचून मग खाली टाकतात का? सगळं सविस्तर कळव.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? पहिल्या मिनिटात जेवलास का, दुसऱ्या मिनिटात किती वाळलास (फोनमधून हे तुला कसं दिसतं ते मला आजवर कळलेलं नाही), आणि तिसऱ्या मिनिटात दारावर कोणीतरी आलंय, ठेवते. पत्रात मला मध्येच कोणी तोडू शकत नाही. म्हणून पत्र. तसं कारण विशेष काही नाही, सहजच लिहितो आहे.

तू सगळ्यांना माझा भाचा झाडांच्या खात्यात आहे असं सांगतेस, त्यामुळे तुझ्याकडे आलो की लोक मला कुंड्या आणून दाखवतात. मागच्या खेपेला पोस्टमास्तरांनी जिन्यात अडवून गुलाबाची पानं पिवळी का पडतात ते विचारलं. मला माहीत नव्हतं. मी पाणी कमी घाला म्हणालो, आणि गुलाब मेला असेल तर तो माझ्या नावावर आहे हे मला मान्य आहे. तेव्हा एकदाच नीट सांगतो. झाड दरवर्षी सालीच्या आतल्या अंगाला एक वर्तुळ वाढवतं. पाऊस चांगला झाला की वर्तुळ जाड, पावसाने तोंड फिरवलं की बारीक. खाली नदीकाठच्या झाडांचं काही खरं नाही, त्यांना बारा महिने पाणी मिळतं, त्यामुळे ती कायमची गलेलठ्ठ. पण डोंगरमाथ्यावर माती वीतभर आणि खाली सगळा खडक, तिथल्या झाडाचं हातावर पोट असतं. त्या वर्षी मिळालं तर त्या वर्षी खाल्लं. त्यामुळे माथ्यावरच्या जुन्या देवदाराची वर्तुळं मोजली की गेल्या तीनशे वर्षांत कुठल्या वर्षी पाऊस पडला आणि कुठल्या वर्षी दगा दिला, ते कळतं. आपल्याकडे पाऊस मोजायचं भांडं बसवून जेमतेम साठ वर्षं झाली. त्याआधीचं विचारायचं तर झाडाला. यासाठी झाड तोडावं लागत नाही. पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत एक काडी काढतात, पेन्सिलीपेक्षा बारीक. ती लाकडाच्या खाचेत सरसाने चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची, भिंगाखाली धरायची आणि मोजायची. दर दहा वर्षांना सुईने एक टिंब. हे मोजण्याचं काम मी करतो. याला पगार मिळतो, हे आतोबांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

तर गेल्या हंगामात आम्ही तिघं डोंगरावर गेलो होतो. आमच्या बाई (त्या आमच्या प्रमुख, वय अठ्ठावन्न, वजन माझ्या निम्मं, आणि चढावर माझ्या पुढे अर्धा तास), मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर माणूस सरळ, पण आम्ही झाडांची साखर तपासतो असं तो वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याला सांगतो, कारण खरं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, असा त्याचा अनुभव आहे. माथ्यावर खरी जुनी झाडं आता दोनच उरली आहेत. बाकीची तीस-एक वर्षांपूर्वी लाकूडवाल्यांनी नेली. पहिल्या झाडाची काडी बाईंनी स्वतः काढली, लोण्यातून सुरी यावी तशी आली. दुसरं झाड माझ्या वाट्याला आलं. गिरमिट आत गेलं ते गेलंच. उलटं फिरवलं, हललं नाही. मग मी बुंध्याला पाय लावून मूठ दोन्ही हातांनी ओढली. मूठ आली, मी तिच्यासकट गेलो, आणि खालच्या काटेरी झुडपाने मला झेललं नसतं तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं. गुडघा तेव्हाचा. बाई वरून वाकून बघत होत्या. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारतील. त्यांनी काडी तुटली का म्हणून विचारलं. काडी तुटली नव्हती. ती अर्ध्या तासाने, ड्रायव्हरच्या पान्याच्या मदतीने, अखंड बाहेर आली. हे लक्षात ठेव, कारण पुढे ती अखंड राहिली नाही.

या ओल्या काड्या आम्ही कागदी स्ट्रॉमध्ये ठेवतो. शीतपेय पितात ती स्ट्रॉ. मापात बसते आणि आतून हवा खेळते. (आमचा स्टोअरकीपर दरवर्षी दोन हजार स्ट्रॉची मागणी बघून, पार्टीला मला कधीच का बोलावत नाहीत, असं विचारतो.) स्ट्रॉवर झाडाचा नंबर लिहायचा आणि टोकं चिकटपट्टीने बंद करायची. मी नंबर लिहिला, पण गुडघ्याच्या कळेत चिकटपट्टी राहून गेली. खाली उतरल्यावर बाई एका घरी फोन करायला गेल्या आणि आम्ही दोघं थंड पेयाच्या दुकानासमोर थांबलो. मी डोळे मिटून बसलो होतो. ड्रायव्हरच्या बाटलीला दुकानदाराने स्ट्रॉ दिली नव्हती आणि माझ्या पिशवीतून एक डोकावत होती. आता यात त्याचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. काहीच वर येईना म्हणून त्याने जोर लावला. मी डोळे उघडले तेव्हा दुसरं झाड त्याच्या दातांत होतं. मी ते परत मिळवलं, तीन तुकड्यांत आणि लिंबाच्या वासासह. दोन तुकड्यांच्या मध्ये चुरा झाला होता आणि चुऱ्यातला काही भाग कुठे गेला ते कळायला मार्ग नव्हता. ड्रायव्हर म्हणाला की त्याने काही गिळलेलं नाही, गिळलं असतं तर त्याला कळलं असतं. बाई येताना दिसल्या. मी तुकडे स्ट्रॉमध्ये भरले आणि या वेळी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली.

आता खरी गोष्ट. पहिल्या झाडात, साधारण दोनशे वर्षांपूर्वीच्या जागी, केसासारखी बारीक अशी अकरा वर्तुळं ओळीने लागली. म्हणजे अकरा वर्षं सलग दुष्काळ. दुसऱ्या झाडात त्याच जागी नऊच होती, आणि ती जागा नेमकी चुऱ्याची होती. मी विचार केला की दोन वर्षं ड्रायव्हरच्या पोटात गेली. चुरा होता, वास होता, तोंड होतं, तिसरा पुरावा कशाला हवा? मी काडी नीट जोडली, मध्ये दोन वर्षांची जागा सोडली आणि दोन्ही झाडांपुढे अकरा लिहिलं. बाईंना यातलं काही बोललो नाही. बोलायचंच तर स्ट्रॉपासून सुरुवात करावी लागली असती.

मग एक बैठक झाली. शहराच्या पाण्यासाठी डोंगराखाली धरण बांधायचं आहे आणि त्याचे इंजिनिअर (आम्ही त्यांना धरणसाहेब म्हणतो) बाईंचं म्हणणं ऐकायला आले होते. लांब टेबल, प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास, आणि मी कोपऱ्यात फायली घेऊन. धरणसाहेबांचा हिशोब असा होता की साठ वर्षांत जास्तीत जास्त तीन वर्षं सलग पाऊस कमी पडला, तेव्हा भिंत तेवढ्यापुरती. बाई म्हणाल्या की त्या डोंगराने अकरा वर्षं सलग काढलेली आहेत. साहेबांनी पेन खाली ठेवलं. नऊपर्यंत असेल तर आहे त्या आराखड्यात कसंबसं भागवता येईल, पण अकरा म्हटलं तर भिंत एक मजला उंच करावी लागेल, नाहीतर त्या वर्षांत खालच्या अर्ध्या शहराच्या नळाला पाणी येणार नाही. तेव्हा नीट विचारतो, असं म्हणून त्यांनी विचारलं की दोन्ही झाडं अकराच म्हणतात का. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आत्या, माझी मान लहानपणापासून माझ्या आधी उत्तर देते. तू अभ्यास झाला का विचारायचीस तेव्हाही ती अशीच हलायची आणि वही कोरी असायची. फरक इतकाच, की तेव्हा तू वही उघडून बघायचीस. बाईंनी बघितली नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या पुढे बोलू लागल्या.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. नळ उघडला की मला भिंत दिसायची. चौथ्या दिवशी बाई चहाची किटली ठेवत असताना मी जाऊन सगळं सांगितलं, स्ट्रॉपासून मानेपर्यंत. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "ड्रायव्हरने किती वर्षं गिळली असतील, तुझ्या अंदाजाने?" मी म्हणालो, दोन, फार तर. त्या म्हणाल्या, "अंदाजाने भिंत बांधत नाहीत. तिसरं झाड आण." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मलाही चहा दिला, त्याने जास्त लागलं.

आता तिसरं झाड आणायचं कुठून? डोंगराच्या वाटेवर दरड कोसळून ती पुढच्या हंगामापर्यंत बंद झाली होती, आणि वाट असती तरी वर दोनच झाडं होती, दोघांचीही साक्ष झालेली. मग बाईंनीच सुचवलं की तीस वर्षांपूर्वी तोडलेली झाडं हवेत विरघळली नाहीत, ती कोणाच्या ना कोणाच्या घरात दारं-टेबलं होऊन उभी असतील. लाकूड जुनं झालं तरी वर्तुळं तीच राहतात. झालं, मी दोन आठवडे शहरभर फर्निचरच्या खाली शिरत होतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने दाखवलेलं शंभर वर्षांचं दार निव्वळ प्लायवूड निघालं, आणि हे त्यांना सांगणारा पहिला माणूस मी असल्याने त्यांनी मला फाटकापर्यंत पोहोचवलं. एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरचा बाक चांगला वाटला म्हणून मी पाठीवर झोपून टॉर्चने खालून बघत होतो, तर कंपाउंडरने वाकून माझा नंबर कितवा म्हणून विचारलं. मी पेशंट नाही म्हटल्यावर तो जास्तच घाबरला. शेवटी वखारीच्या म्हाताऱ्या मालकाने सांगितलं की माथ्यावरचं सगळं लाकूड त्या काळी दरीतल्या सुतारांनी उचललं होतं.

असो. तर तिसरं झाड मिळालं. कुठे मिळालं याला तसं महत्त्व नाही. त्याची काडी काढली, घासली आणि बाईंनी स्वतः भिंगाखाली धरली. मला हात लावू दिला नाही. झाड बहुधा एखाद्या झऱ्याच्या जवळ उभं असावं, कारण त्याने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. बाईंनी मोजून पाहिलं, पुन्हा मोजलं, आणि बारा म्हणाल्या. अकरा नाही, नऊ तर नाहीच. झालं होतं असं की फारच उपासमार झाली की झाड त्या वर्षी वर्तुळच करत नाही, आहे तसं गप्प बसून राहतं. पहिल्या झाडाने एक वर्ष असं गाळलं होतं आणि दुसऱ्याने तीन. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता, चुऱ्यात फक्त चुराच होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, मी तेव्हाच सांगितलं होतं, गिळलं असतं तर कळलं असतं. बाईंनी धरणसाहेबांना फोन करून स्ट्रॉसकट सगळं सांगितलं आणि आकडा बारा असल्याचं कळवलं. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यावरही तेवढेच वाजले असावेत. माझी नोकरी शाबूत आहे. मोजायचं काम तेवढं तीन महिने दुसरीकडे दिलं आहे, मी सध्या पॉलिश पेपर कापतो.

बाकी इकडे सर्व क्षेम. गोळी वेळेवर घे. आजवर ठेवलास तितकाच लोभ, ताजा कलम वाचून झाल्यावरही, ठेवावा ही विनंती.

तुझा
ठोंब्या

ता. क. – तिसरं झाड म्हणजे तुझा बैठकीच्या खोलीतला बाक. मागच्या महिन्यात मी तुला बघायला म्हणून दोन दिवस आलो होतो, ते तुलाही बघायला आलो होतो, पण मुख्यतः बाकाला. वखारवाल्याने दरीतले सुतार म्हटल्याबरोबर मला आतोबा आठवले, तेही त्यांच्यातलेच. तुला आधी विचारायला हवं होतं. सकाळी विचारणार होतो, तेव्हा तू पोहे करत होतीस. मग तू दुपारची आडवी झालीस आणि मी बाक भिंतीपासून हातभर ओढला. भिंतीकडच्या कडेला, खालच्या अंगाने, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, करंगळीएवढं एक भोक पाडलं आहे. चाळीस मिनिटं लागली. एक कान गिरमिटावर आणि एक तुझ्या श्वासावर. भुसा रुमालात गोळा केला आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकली (पायातल्या चपलेने, चप्पल टॉवेलात गुंडाळून). तू उठल्यावर त्याच बाकावर बसवून मला चहा दिलास आणि किती घामाघूम झालास म्हणून पंखा लावलास. तो चहा मला गोड लागला नाही. आता चुकलो म्हणतो.

ता. क. २ – खरं काम आता सांगतो. सोबत एक फॉर्म जोडला आहे. कोणाच्या घरातल्या वस्तूचा नमुना घेतला तर मालकाची सही लागते, त्याशिवाय तो नमुना नोंदीत घेता येत नाही. म्हणजे तू सही केली नाहीस तर बाक साक्षीतून बाद, आणि आम्ही परत नऊ की अकरा यावर. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी भरली आहेत. चौथा प्रश्न आहे, ही वस्तू आपल्याकडे कधीपासून आहे. तो रिकामा ठेव. तिथे काही लिहू नकोस. मी भरीन.

ता. क. ३ – चौथा प्रश्न रिकामा का, हे तू विचारणारच. हा ताजा कलम मी तीनदा लिहून फाडला आहे. आत्या, एखाद्या काडीतला जाड-बारीक क्रम उभ्या झाडाच्या क्रमाशेजारी धरून सरकवत गेलं की एका जागी दोन्ही तंतोतंत जुळतात, आणि मग प्रत्येक वर्तुळाचं साल कळतं. बाकाचंही कळलं. आतोबांचा नियम तुला माहीत आहे. दिसतं तिथे आरसा करायचा आणि खालून रंधाही मारायचा नाही, तिथे काय कोणाला बघायचंय म्हणून. त्यामुळे भिंतीकडच्या कडेला साल तशीच राहिली आहे आणि सालीला लागून असलेलं शेवटचं वर्तुळही. त्या वर्तुळाचं साल तुमच्या लग्नानंतरचं सोळावं आहे. म्हणजे तुमचं लग्न लागत होतं तेव्हा ते झाड वर डोंगरावर उभं होतं आणि पुढे सोळा वर्षं उभंच राहिलं. घरात आलेल्या प्रत्येक माणसाला तू आधी त्या बाकावर बसवतेस आणि मग सांगतेस की आमच्या लग्नासाठी ह्यांनी स्वतःच्या हाताने केला. मी तुमच्याकडे शिकायला राहिलो ती चार वर्षं मीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच सांगितलं. आतोबा तेव्हा नुसते पुढ्यातला पेपर वर धरायचे. आता ते कशासाठी ते मला कळतंय. फॉर्मवर लग्नापासून लिहिलं तर वर्तुळांशी जुळणार नाही आणि नमुना बाद होईल. खरं लिहिलं तर खाली तुझी सही असेल. मी बाईंना सांगणार होतो की मालकाची सही मिळत नाही. पण मग एका बाजूला अर्ध्या शहराचा नळ आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळी दिवा लावून त्या बाकावर बसलेली तू. मला ठरवता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, आणि कारण विशेष काही नाही असं वर लिहिलं.

ता. क. ४ – चार दिवसांनी लिहितो आहे. पत्र पाकिटात घालून टेबलावर तसंच होतं, टाकायला पाय उचलत नव्हता. आज सकाळी तुझा फोन आला. तू काय बोललीस हे तुला माहीतच आहे, पण पाकिटात जायचं ते पुरं जावं म्हणून लिहून ठेवतो. झाडणारीला बाकामागे भुसा सापडला (रुमाल लहान पडला), तुला वाळवीची शंका आली, आणि तू औषध मारणाऱ्याला बोलावलंस. त्याने बाक उलटा करून भोक बघितलं आणि म्हणाला, "आजी, ही वाळवी शिकलेली दिसते. भोक कंपासने काढल्यासारखं गोल आहे." मग तुला मी आठवलो. मी कबूल केलं. तू ओरडली नाहीस म्हणून मी धीर करून म्हणालो की आत्या, बाकाबद्दल आणखी एक आहे, पण तू आधी खाली बस. तू म्हणालीस बाकावरच बसली आहेस. मी सोळा वर्षांचं सांगितलं. 

मग तू म्हणालीस, "अरे ठोंब्या, माझा बाक डावीकडे बसलं की करकरायचा. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला दोन महिने गेले होते, परत येऊन बसले, तर आवाज नाही. तेव्हाच कळलं."

मी विचारलं की मग आतोबांना विचारलं का नाहीस, पहिल्या बाकाचं काय झालं ते.

"ह्यांच्या चार बोटांना पट्ट्या होत्या, आणि हे समोर पेपर उलटा धरून बसले होते. मी म्हटलं, बाक पुसून ठेवलेला दिसतोय. ते हो म्हणाले. पुढची चोवीस वर्षं ह्यांना वाटत होतं की मला पत्ता लागला नाही. केवढे खूश असायचे त्यात. ते मी कशाला घालवू?"

मी म्हणालो की शेवटचं वर्तुळ चांगलं जाड आहे, म्हणजे त्या वर्षी पाऊस खूप होता, कदाचित पहिला बाक अंगणात राहून भिजला असेल आणि तडकला असेल. तू मला माझी वर्तुळं मोजायला सांगितलंस. मग फॉर्मचं काय करू म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "कागदावर खरं लिही, पाण्याचा प्रश्न आहे. तुमचे लोक ह्यांना कुठे ओळखतात? पण या घरात तो लग्नातलाच बाक आहे. ह्यांनी तसं सांगितलंय." मी तिथल्या तिथे चौथ्या प्रश्नापुढे लिहिलं, लग्नानंतरच्या सोळाव्या वर्षापासून, आणि तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "सतराव्या. लाकूड वर्षभर वाळल्याशिवाय हे रंधा हातात धरायचे नाहीत. झाडाचं तुला कळतं, ह्यांचं मला विचार."

सोळावं खोडून सतरावं केलं आहे. खोडलं आहे तिथे आणखी एक सही लागते. तिथेही फुली केली आहे.